तुम्ही विचारलंत म्हणून: कांजीवर पांढरं आलंय, टाकून देऊ का?

थंडीत गाजरं आली की आमच्या ओळखीत बऱ्याच जणी कांजी, म्हणजे मीठ-मोहरीच्या पाण्यात गाजरं आंबवून केलेलं आंबट पेय, घालतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला हाच प्रश्न येतो. बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असतं. पण आधी बरणी उजेडात धरून नीट बघा.

थर पातळ, सपाट, थोडा सुरकुतलेला, दुधावरच्या सायीसारखा असेल तर ते यीस्ट आहे. हवा लागली की ते धरतं. त्याने सहसा अपाय होत नाही, चव मात्र उतरते. स्वच्छ चमच्याने काढा आणि कांजी लगेच फ्रीजमध्ये ठेवा. पण लव आलेली, हिरवी किंवा काळी बुरशी असेल, पाण्याला तार सुटत असेल, आंबूस सोडून कुजका वास येत असेल, तर अख्खी बरणी ओतून द्या. वरचं काढून खालचं प्यायचं नाही. इथे काटकसर नको.

कांजी मूळ उत्तरेकडची. पंजाब, दिल्ली, उत्तर प्रदेशात होळीच्या सुमाराला ती घरोघरी असते, काळ्या गाजरांची. आपल्याकडे ती क्वचित मिळतात, म्हणून मी लाल गाजरं आणि रंगाला एक बीट घेते. साल काढत नाही, फक्त स्वच्छ धुते. आंबवणारे जिवाणू त्या सालीवरच असतात. ते गाजरातली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्या आंबटपणात कुजवणारे जिवाणू टिकत नाहीत. आंबटपणा चढेपर्यंतचे पहिले एक-दोन दिवस सांभाळतं ते मीठ. म्हणून मीठ अंदाजाने घालू नका. लिटरभर पाण्याला 20 ग्रॅम, वजन करून. कमी मिठाची कांजी सहज बिघडते, आणि मला येणाऱ्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, तेव्हा ते उकळून पूर्ण गार करून घ्या.

मोहरी फेसून घाला. नुसती पूड भुरभुरण्यापेक्षा चमचाभर पाण्यात घोटून, नाकात झणका जाईपर्यंत फेसली की कांजीला तिचा खरा तिखटपणा येतो. गाजरं पाण्याखाली बुडलेली हवीत. बरणीच्या तोंडाला मलमल बांधा आणि रोज कोरड्या लाकडी चमच्याने ढवळा. पुण्याच्या थंडीत चार-पाच दिवस लागतात, उन्हाळ्यात दोन-तीन पुरतात. बारीक बुडबुडे दिसले आणि जिभेला आंबट लागलं की झाली.

"ही प्रोबायोटिक ना?" हा पुढचा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना (एफएओ) यांच्या 2001च्या व्याख्येप्रमाणे प्रोबायोटिक म्हणजे पुरेशा प्रमाणात घेतल्यावर आरोग्याला फायदा देणारे जिवंत सूक्ष्मजीव. घरच्या बरणीत कोणते जिवाणू किती आहेत, हे कुणी मोजलेलं नसतं. जिवंत जिवाणू असतात हे खरं, पण मी तिला औषध म्हणणार नाही. जेवणाआधी छोटा पेला, एवढंच. रक्तदाब असेल तर त्यातलं मीठ हिशेबात धरा. केमोथेरपी चालू असेल किंवा प्रतिकारशक्ती खालावलेली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

आणि तळाची गाजरं फेकू नका. दहीभाताबरोबर ती फार छान लागतात.