सिंट मार्टेन: धक्क्यावरून चालत गाठता येणारी पुळण

गेल्या जानेवारीत मायामीहून निघणाऱ्या सात रात्रींच्या पूर्व कॅरिबियन क्रूझला आम्ही पाच जण गेलो होतो: मुलगी, जावई, पाच वर्षांचा नातू, गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन वर्षही न झालेले आमचे हे आणि मी. ज्या कुटुंबात एकाला पळायचे असते आणि दुसऱ्याला पायरी दिसली की कपाळावर आठी पडते, त्या कुटुंबाने बंदराच्या दिवशी कोणता समुद्रकिनारा निवडावा, याचा विचार आम्ही घरून निघताना केला नव्हता. तो सेंट थॉमस या बेटावर करावा लागला आणि त्याचा उपयोग दुसऱ्या दिवशी सिंट मार्टेनला झाला.

सेंट थॉमसला आम्ही मेगन्स बे येथे गेलो. किनाऱ्यात काहीच खोट नव्हती. दोन्ही बाजूंच्या डोंगरांनी कवेत घेतलेले, जवळजवळ तलावासारखे शांत पाणी, मागे नारळीची रांग आणि उथळ, मऊ वाळू. मात्र धक्क्यापासून तिथे जायचे म्हणजे मधला डोंगर ओलांडावा लागतो आणि तो ओलांडतात बाके बसवलेल्या उघड्या ट्रकसारख्या टॅक्सीतून. ही टॅक्सी माणशी भाडे घेते आणि पुरेशी माणसे भरल्याशिवाय हलत नाही. जाताना हे लक्षात आले नाही, कारण धक्क्यावर माणसांना तोटा नव्हता. परतताना दोन वाजता न्यायला येतो म्हणालेला चालक अडीचपर्यंत आला नाही, रांगेत आमच्यापुढे चाळीसएक माणसे होती आणि ह्यांना टेकायला जागा नव्हती. जहाज सुटले नाही, पण शेवटची वीस मिनिटे कोणी कोणाशी बोलले नाही.

त्या रात्री जेवताना जावयाने दुसऱ्या दिवसासाठी ठरवलेला बेत रद्द केला. बेत होता माहो किनाऱ्याचा. प्रिन्सेस ज्युलियाना विमानतळाची धावपट्टी या किनाऱ्याच्या अगदी लगत सुरू होते आणि उतरणारी विमाने डोक्यावरून इतकी खालून जातात की ती पाहायलाच लोक तिथे गर्दी करतात. नातवाने त्याचे व्हिडिओ आधीच पाहिले होते, त्यामुळे समजूत घालायला आइस्क्रीम लागले. पण माहो बंदरापासून दूर आहे, वाटेत सिम्पसन बे येथील उघडता येणारा पूल लागतो, शिडाच्या नौकांसाठी तो दिवसातून ठरावीक वेळा उघडला की वाहने थांबून राहतात आणि त्या बेटावरची वाहतूक एरवीही रखडतच चालते. शिवाय तिथला किनारा एकदम खोल होतो, लाटा अंगावर येतात आणि उड्डाण करणाऱ्या विमानाच्या झोताने माणसे फेकली गेल्याची उदाहरणे आहेत. २०१७ साली एका पर्यटक स्त्रीचा त्यात मृत्यूही झाला. तरुण मंडळींनी जरूर जावे, मात्र कुंपणाजवळ उभे राहू नये आणि परतीसाठी दीड तास हातात ठेवावा.

आम्ही ग्रेट बे निवडला. सिंट मार्टेन म्हणजे बेटाचा दक्षिणेकडचा डच भाग. उत्तरेकडचा भाग फ्रेंच असून ही वाटणी १६४८ पासून चालत आली आहे. डच भागाची राजधानी फिलिप्सबर्ग हे गाव पुढे ग्रेट बे आणि मागे ग्रेट सॉल्ट पाँड अशा दोन पाण्यांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेले आहे. गावाच्या लांबीइतकीच, सुमारे दीड किलोमीटरची पुळण गावासमोर पसरली आहे आणि जहाजांचा धक्का त्याच उपसागराच्या पूर्व बाजूला आहे. किनाऱ्यावर कुठेही बसलात तरी आपले जहाज समोर दिसते. काही जणांना यामुळे देखावा बिघडल्यासारखा वाटतो. आदल्या दिवशीच्या अनुभवानंतर मला तो फार सुंदर वाटला.

धक्क्यावरून गावात जायला दोन मार्ग आहेत. चालत गेल्यास धक्क्याच्या फाटकापासून वीसएक मिनिटे लागतात आणि रस्ता सपाट आहे. मात्र धक्का स्वतःच लांबलचक आहे, त्यामुळे जहाज टोकाला उभे असेल तर आणखी दहा मिनिटे धरावीत. दुसरा मार्ग वॉटर टॅक्सीचा. माणशी सात-आठ डॉलरांत मनगटाला पट्टा बांधतात आणि मग दिवसभर कितीही फेऱ्या करता येतात. ती पाच-सात मिनिटांत गावाच्या मध्यभागी सोडते. गुडघ्याची तक्रार असणाऱ्यांना अडचण एवढीच की हलत्या नावेत पाऊल टाकावे लागते. नावेवरचा माणूस हात देतो, पण तो हात मागून घ्यावा. संकोच करू नये.

आम्ही नऊच्या सुमारास पोहोचलो तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. साडेदहानंतर तिसरे आणि चौथे जहाज लागले आणि अकरा वाजता एकाही छत्रीखाली जागा उरली नाही. हिवाळ्यात एकाच दिवशी पाच-सहा जहाजे येऊ शकतात. बंदराचे वेळापत्रक आधी पाहता येते, ते पाहून उतरण्याची घाई करावी की नाही ते ठरवावे. दोन आरामखुर्च्या आणि एक छत्री यांना आम्ही २५ डॉलर दिले. त्या भावात बिअरच्या चार बाटल्या धरलेल्या असतात, हे आम्हाला नंतर कळले. त्याऐवजी पाणी आणि थंड पेये मागितली, ती लगेच मिळाली. पैसे देण्यापूर्वी भावात काय काय येते आणि स्वच्छतागृह कोणते वापरायचे, हे दोन प्रश्न विचारावेत. जहाजावरचा टॉवेल न्यावा, पण हरवल्यास त्याचे पैसे खोलीच्या खात्यावर लागतात.

पाण्याविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण किनारा सोपा की अवघड हे शेवटी तेच ठरवते. या पट्ट्यात वारा बहुतेक काळ पूर्व आणि ईशान्येकडून वाहतो. त्यामुळे बेटांच्या अटलांटिकसमोरच्या बाजूला लाटा असतात आणि डोंगराच्या आडोशाला असलेल्या दक्षिण-पश्चिम किनाऱ्यांवर पाणी निवांत असते. ग्रेट बे दक्षिणेकडे उघडतो. फ्रेंच बाजूचा प्रसिद्ध ओरिएंट बे पूर्वेकडे आहे, म्हणून तिथे वाऱ्याची आणि लाटांची मजा आहे, पण लहान मुलाला मोकळे सोडता येत नाही. (शिवाय तिथल्या काही भागात अंगावर कपडे असलेच पाहिजेत अशी सक्ती नसते, ज्येष्ठांना सोबत नेणाऱ्यांनी हे आधी सांगून ठेवावे.) कोणत्याही अनोळखी बेटावर किनारा निवडताना नकाशात तो कोणत्या दिशेला तोंड करून आहे, एवढे पाहिले तरी अर्धे काम होते. सारगॅसम नावाचे तपकिरी समुद्रशेवाळ २०११ पासून मोठ्या प्रमाणावर येऊ लागले आहे आणि तेही मुख्यतः वाऱ्याच्या बाजूच्या किनाऱ्यांवर साचते. कुजले की त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. वसंतापासून उन्हाळाअखेरपर्यंत त्याचा जोर असतो. जानेवारीत आम्हाला ते दिसले नाही.

कोकणातल्या माणसाला इथे एक गोष्ट चमत्कारिक वाटते. भरती-ओहोटी जवळजवळ जाणवतच नाही. सकाळी जिथे चपला ठेवल्या तिथून पाणी दुपारीही तेवढ्याच अंतरावर होते. फरक अर्ध्या मीटरच्याही आत असतो. ऊन मात्र अगदी आपले आहे, कारण फिलिप्सबर्ग आणि आपले श्रीवर्धन जवळजवळ एकाच अक्षांशावर, १८ अंश उत्तरेला आहेत. वाऱ्यामुळे ते भाजते आहे हे कळत नाही. मुलीने नातवाला दर दोन तासांनी क्रीम लावले. आम्ही दोघांनी 'आम्हाला सवय आहे' असे सांगितले आणि रात्री खांद्यावर कोरफड चोळत बसलो. जीवरक्षक आम्हाला कुठे दिसले नाहीत आणि नावांची ये-जा चालू असते, तेव्हा कमरेइतक्या पाण्यापुढे जाऊ नये. मोठा पाऊस होऊन गेला असेल तर गावालगतच्या कोणत्याही पुळणीवर पोहणे टाळलेले बरे.

दुपारी ह्यांना वाळूचा कंटाळा आला, तेव्हा आम्ही दोघे फ्रंट स्ट्रीटवर फिरून आलो. पुळणीपासून तो एका गल्लीच्या अंतरावर आहे. १७९३ साली बांधलेले पांढरे न्यायालय त्याच रस्त्यावर उभे आहे. दागिन्यांच्या आणि घड्याळांच्या दुकानांत सिंधी व्यापाऱ्यांची वस्ती बरीच आहे. एका दुकानात आमचे मराठी बोलणे ऐकून मालकाने हिंदीत चौकशी केली आणि ह्यांना बसायला स्टूल दिले, खरेदीचा आग्रह न करता. गावामागचे सॉल्ट पाँड म्हणजे जुने मिठागर. डचांना हे बेट हवे होते ते या मिठासाठी. लहानपण मिठागरांच्या मुलुंडला गेल्यामुळे मला ते पाहायची उत्सुकता होती, पण आता तिथे फक्त पाणी आणि पक्षी आहेत. भाव सगळीकडे डॉलरमध्ये सांगतात. २०२५ साली कॅरिबियन गिल्डर हे नवे चलन आले असले तरी पर्यटकाला त्याची गरज पडत नाही. पाच आणि एक डॉलरच्या नोटा भरपूर ठेवाव्यात.

इतर बंदरांविषयी थोडक्यात सांगते. ग्रँड टर्कला धक्का संपतो तिथेच पुळण सुरू होते, त्यामुळे आमच्यासारख्या मंडळींना ते सर्वांत सोयीचे. वारा जोराचा असला तर मात्र जहाज कधी कधी तिथे लागतच नाही. नासाऊला जंकानू बीच चालत पंधरा मिनिटांवर आहे. ग्रँड केमनला जहाज दूर उभे राहते आणि लहान बोटींतून किनाऱ्यावर नेतात, तेव्हा सेव्हन माइल बीचला जाताना बोटींच्या रांगेचा वेळ दोन्ही वेळा धरावा. पुढे बार्बाडोस किंवा सेंट लुसिया असेल तर सैनिकी छापाचे कपडे मुलांनाही घालू नयेत. तिथे त्यांना कायद्याने बंदी आहे.

भारतीय पारपत्रावर जाणाऱ्यांनी अमेरिकेचा अनेक प्रवेशांचा व्हिसा आहे ना, हे तिकीट काढण्यापूर्वी पाहावे, कारण जहाज अमेरिकेबाहेर जाऊन परत येते. आणि प्रत्येक बेटाचा नियम क्रूझ कंपनीकडून लेखी विचारून घ्यावा. फळे आणि घरचे उघडे खाद्यपदार्थ बेटावर उतरवू देत नाहीत. बंद पाकिटातली चकली आमच्यासोबत उतरली. घड्याळाचे सर्वांत महत्त्वाचे: सिंट मार्टेन हिवाळ्यात मायामीच्या एक तास पुढे असते. आमच्या जहाजाने घड्याळे पुढे केली होती, पण काही जहाजे करत नाहीत. उतरताना दारावर लिहिलेली वेळ आणि तिथले घड्याळ या दोन्हींचे छायाचित्र काढून ठेवावे.

जहाजावर परतण्याची शेवटची वेळ साडेचारची होती. तीन वाजता वॉटर टॅक्सीची रांग गल्लीपर्यंत आली होती, म्हणून पट्टा हातात असूनही आम्ही चालत निघालो, दोनदा बाकावर बसलो आणि पावणेचारला जहाजावर होतो. नातवाच्या खिशांतून तपासणीच्या पट्ट्यावर सांडलेली वाळू तिथल्या कर्मचाऱ्याने हसत झाडली. वर गेल्यावर गच्चीवरून त्याला माहोकडे उतरणारे एक विमान दिसले, अगदी लहान, पण त्याचे समाधान झाले.