मामांचं पिंप आणि गारठलेल्या पेशी

मामा विडी ओढायचे ती मागच्या पडवीत, फणसाकडे तोंड करून. मामीला वास येऊ नये म्हणून. वास यायचाच. मी तेव्हा एका प्रयोगशाळेत प्रोजेक्ट असिस्टंट होते आणि काम होतं निकोटिनचं, त्यामुळे गोव्यात डिचोलीला गेले की मामांचा प्रश्न ठरलेला: "चाळीस वर्सां ओडटां गो बाय, अजून मन कशें भरना?"

प्रश्न आमच्या सरांच्या प्रश्नांपेक्षा चांगला होता. कारण नेहमीचा हिशेब उलटा आहे. एखादं रसायन पेशीच्या दारावर सारखं धडका मारत राहिलं की पेशी बहुधा दारं कमी करते. दारं म्हणजे रिसेप्टर. निकोटिनच्या बाबतीत ती वाढतात. १९८३ साली दोन वेगवेगळ्या गटांनी हे उंदरांत आणि घुशींसारख्या मोठ्या उंदरांत पाहिलं, १९८८ मध्ये मेलेल्या धूम्रपान्यांच्या मेंदूतही तेच दिसलं. मेंदूला कमी पडतंय म्हणून तो जास्त बनवतो, असं आपण पटकन म्हणून मोकळे होतो. मीही मामांना आधी तेच सांगितलं होतं.

पण माझ्या डिशमध्ये मेंदू नव्हता. होत्या त्या एचईके-२९३ पेशी, मूळच्या मानवी भ्रूणाच्या मूत्रपिंडाच्या, १९७३ सालापासून जगभर पोसल्या जाणाऱ्या. २९३ हा त्या बनवणाऱ्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगाचा क्रमांक. या पेशींना तल्लफ येत नाही, चहा लागत नाही. त्यांच्यात आम्ही अल्फा-४ आणि बीटा-२ अशा दोन प्रथिनांची जीन्स घातलेली, ज्यांचा मिळून निकोटिनचा रिसेप्टर बनतो, आणि त्या जीन्सचा स्विच विषाणूकडून उसना घेतलेला. म्हणजे 'कमी पडतंय, वाढव' असा हुकूम पेशीने द्यावा म्हटलं तरी तो स्विच तिच्या हातात नाही. तरीही निकोटिन घालून चोवीस तास ठेवलं की पृष्ठभागावरचे रिसेप्टर वाढतात. १९९४ साली कोंबडीची जीन्स घातलेल्या उंदराच्या पेशींतही हेच दिसलं होतं: आरएनए, म्हणजे जीनवरून निघणारी नक्कल, तेवढाच, रिसेप्टर मात्र जास्त.

(मी एक मायक्रोमोलर घालायचे, म्हणजे मिलिलिटरला सुमारे १६२ नॅनोग्रॅम. ओढणाऱ्याच्या रक्तात साधारण १० ते ५० असतं. मामांनाही जड गेलं असतं.)

मग जूनमधला तो शनिवार. रात्री वादळ झालं, वीज गेली, जनरेटर लागलाच नाही. रविवारी दुपारी मी पोचले तेव्हा इनक्युबेटर सदतिसावरून एकोणतिसावर उतरला होता आणि डिशमधलं पाणी, जे एरवी लालसर असतं, ते जांभळट गुलाबी झालं होतं. कार्बन डायऑक्साइड संपला की असा रंग येतो. तीन आठवड्यांची मेहनत. फेकून द्यायला हात धजेना, म्हणून सोमवारी मोजून टाकल्या. निकोटिनवाल्या डिशमध्ये रिसेप्टर जास्त होते, ते ठीक. पण निकोटिन न घातलेल्या, साध्या डिशमध्येही जास्त! सरांनी आकड्यांकडे बघून "परत कर" एवढंच म्हटलं. मी रागाने जुने पेपर उपसले, तर १९९९ सालीच कुणीतरी लिहून ठेवलेलं: ३० अंशांवर वाढवलेल्या पेशींत अल्फा-४ बीटा-२ रिसेप्टर जास्त येतात.

थंडी आणि निकोटिन यांचा काय संबंध, हे मला प्रयोगशाळेत नाही कळलं, मामांच्या अंगणात कळलं. तिथे एक जुनं लाकडी पिंप होतं, लोखंडी पट्टे गंजून फळ्या सुटलेल्या. मामा ते परत उभं करायला बसले होते. एक फळी लावली की दुसरी आडवी. शेवटी ओरडले, "बाय, ह्यो दोन धर!" मी दोन शेजारच्या फळ्या सांध्यावर दाबून धरल्या, मामांनी बाकीच्या बसवल्या आणि वरून पट्टा ठोकला.

रिसेप्टर असाच असतो. पाच फळ्या, मध्ये भोक. पेशीच्या आतल्या कारखान्यात त्या जुळता जुळता सुटतात आणि बऱ्याच मोडीत जातात. गारठ्यात सगळं सावकाश चालतं, घडी नीट बसायला वेळ मिळतो. आणि निकोटिन? ते चिकटतं नेमकं अल्फा आणि बीटाच्या सांध्यावर. आपल्या शरीरातलं अॅसिटिलकोलीन विद्युतभारामुळे बाहेरच अडकतं, निकोटिनचा काही भाग मात्र भाराविना असतो, तो पडदा ओलांडून थेट कारखान्यात शिरतो. तिथे ते माझं काम करतं: दोन फळ्या धरून ठेवणं. वर आलेले रिसेप्टर जास्त टिकतात म्हणून संख्या वाढते, असंही दिसलंय. दोन्ही खरं असावं, माझा कल फळ्यांकडे.

ज्या निकोटिनचं नाव लिस्बनमधल्या फ्रेंच राजदूतावरून, निकोवरून, पडलं, त्या तंबाखूची एक वाट १५६० मध्ये लिस्बनहून पॅरिसला गेली आणि दुसरी पोर्तुगीज गलबतांतून आमच्याकडे आली. मामांना हे आवडलं. फळ्यांचं तर फारच.

"म्हणजे मी विडी ओढतो तेव्हा आत दारं उभी करतो?"

"हो. आणि विडी नसली की तीच दारं रिकामी बोंबलतात."

"आनी सोडली तर?"

मेंदूच्या स्कॅनमध्ये सोडल्यावर साधारण सहा ते बारा आठवड्यांत रिसेप्टर न ओढणाऱ्यांइतके खाली येतात, असं सांगितलं. तल्लफही तेवढ्यात जाते असं नाही, हेही सांगितलं. ते त्यांनी ऐकलं नाही. बोटांवर मोजत होते.

"म्हणजे चवथीपर्यंत."

आतून मामीचा आवाज आला, "खंयच्या वर्साच्या?"