२ केव्हीए पेट्रोल जनरेटर: पाना बाजूला ठेवलेला महिना

मागच्या नोंदीत कार्ब्युरेटर साफ होऊन इंजिन दुसऱ्या ओढीला सुरू होऊ लागलं होतं, तिथं थांबलो होतो. नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: गाव औसा तालुक्यातलं. सेट एका मंडपवाल्याकडून घेतलेला, फोर-स्ट्रोक, १९६ सीसी, दोरीनं सुरू होणारा, तीन-चार वर्षं पत्र्याखाली पडून असलेला. या महिन्यात इंजिनाला फारसा हात लागला नाही. १४ जूनला चुलतभावाच्या लग्नानंतरचा गोंधळ काकांच्या वाड्यात होता. मृगाच्या वाऱ्यात आमच्याकडे लाइट टिकत नाही, त्यामुळे हा सेट पहिल्यांदाच घरच्या माणसांजवळ रात्रभर चालवायची वेळ येणार होती. यंत्र कुठं ठेवायचं, वायर कशी न्यायची, पेट्रोल कशात आणायचं, यातच सगळा मोकळा वेळ गेला.

२४ मे

बिनलोड फ्रिक्वेन्सी ५७ हर्ट्झ. आधी वापरणाऱ्यानं गव्हर्नरची (इंजिनाचा वेग आवरणाऱ्या भागाची) स्प्रिंग बारीक तारेनं ओढून बांधली होती. अल्टरनेटर, म्हणजे वीज तयार करणारा भाग, दोन पोलचा आहे, म्हणजे ५० हर्ट्झला मिनिटाला ३००० फेरे. आपलं इंजिन ३४२० वर पळत होतं आणि व्होल्टेज २६० च्या वर. लोड आला की उजेड मंद होतो म्हणून असं करतात, पण लोड उतरला की तोच वाढीव दाब टीव्ही-चार्जरवर जातो. तार काढली, स्प्रिंग नवी बसवली, थांब्याचा स्क्रू फिरवून बिनलोड ५२ वर आणलं. मंडपाचे २०० वॅटचे सहा बल्ब लावल्यावर ४९.६ हर्ट्झ, २२२ व्होल्ट. मला हे पुरे आहे.

टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट ०.१५ आणि ०.२०, प्लगची ०.७ मिलिमीटर. पेट्रोलची जुनी नळी इथेनॉलच्या पेट्रोलनं फुगून मऊ पडली होती, तीही बदलली. गरम सायलेन्सरच्या वर झिरपणारी नळी मला एक दिवससुद्धा नको होती.

२९ मे

काकांचा वाडा जुना, माळवदाचा. मधे चौक, चारी बाजूंनी ओसरी आणि खोल्या. काका म्हणाले, "अरे, पावसात बाहेर कुठं ठेवतोस? चौकात ठेव की, वर आभाळ मोकळंच आहे." गावात दहा जणांना विचारलं तर नऊ जण हेच सांगतील, म्हणून करून बघितलं. घरातली सगळी माणसं सकाळी लातूरला गेल्यावर सेट चौकात ठेवला. कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवरचा अलार्म ओसरीला लागून असलेल्या खोलीत, त्याच्यासमोर मोबाइल रेकॉर्डिंगला लावून मी वाड्याबाहेर. चालू करताना आणि बंद करताना श्वास धरून आत-बाहेर, तेवढाच काय तो मी आत.

नंतर व्हिडिओ पाहिला. सहाव्या मिनिटाला आकडा ३० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ३०), बाराव्या मिनिटाला १०० च्या पुढं, आणि मग अलार्म ओरडतच राहिला. वर आभाळ मोकळं असूनही! चार भिंतींच्या मधे वारा खाली उतरत नाही, धूर तिथंच घुटमळतो आणि दारं उघडी असल्यामुळे उलट सरळ खोल्यांत शिरतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा सुमारे २०० पट घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं. मे-जूनमध्ये आपल्याकडे कुणीही म्हणेल की ऊन लागलं नाहीतर पित्त झालं, आणि माणूस जाऊन पडतो त्याच खोलीत. मला सगळ्यात भीती याची वाटते. झोपलेल्याला तर काही कळतच नाही.

संध्याकाळी वाड्याबाहेर पूर्वेला, गोठ्याच्याही पलीकडं, जवळच्या खिडकीपासून ४० फुटांवर जागा धरली. कमीत कमी २० फूट आणि सायलेन्सरचं तोंड घराविरुद्ध, असं सगळीकडे सांगतात. मी दुप्पट घेतलं, कारण गोठ्यात जनावरं आहेत. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून सेट पूर्वेला. दिवाळीनंतर वारा फिरला की ही जागा चालणार नाही, तेव्हा पुन्हा मोजावं लागेल. तासभर चालवून अलार्म खोलीत शून्य, गोठ्यात शून्य.

१ जून

खाली दोन शहाबादी फरश्या, वर चार बांबूंवर एक पत्रा, डोक्याएवढा उंच, चारी बाजू मोकळ्या. ताडपत्रीनं गुंडाळायचा सल्ला दोघांनी दिला. तसं केलं तर यंत्र स्वतःचाच धूर ओढतं, तापतं आणि ताडपत्री सायलेन्सरला चिकटते.

५ जून

हा दिवस गावच्या वायरमनदादांचा. मंडपात दोन्ही टोकांना पिन असलेल्या वायरचं एक टोक जनरेटरात, दुसरं घरातल्या सॉकेटमध्ये घालून सगळं घर चालू करतात. मी लहानपणापासून बघत आलोय. दादांना विचारलं. ते म्हणाले, "खांबावर चढताना डीपीकडून येणारा करंट आम्ही बंद करतो. तुमच्या घरातून उलटा येणारा कोण बंद करणार?" डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, ११ हजार व्होल्टचे ४३३ करते, आणि उलट्या बाजूनं दाब दिला तर तीच डीपी तो चढवते. मला वाटायचं, अख्ख्या गावाचा लोड बसल्यावर एवढासा सेट गुदमरून बंदच पडेल. दादांनी समजावलं: वादळात तार तुमच्याच घराजवळ तुटली, नाहीतर फ्यूज काढून ठेवलेले असले, तर तुमच्यावर गावाचा लोड येतच नाही, सेट मजेत चालतो आणि तारेला हात लावणारा जातो. शिवाय तशा वायरची मोकळी पिन म्हणजे हातातला उघडा करंट.

त्यांनी ३२ अँपिअरचा दोन पोलचा चेंजओव्हर बसवला, म्हणजे एका वेळी लाइट किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा स्विच, मधली जागा बंद. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात. जनरेटरवर फक्त चौक, ओसरी आणि स्वयंपाकघराचे दिवे-पंखे, एकूण ९०० वॅटच्या आत.

मग आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळला की लाइन तोडणारा स्विच. इथं मी फसणार होतो. ३० मिलिअँपिअरची लावली, टेस्टचं बटण दाबलं, पडली, आणि मी निश्चिंत झालो. पण माझ्या सेटमध्ये वाइंडिंगचं (वीज देणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचं) एकही टोक बॉडीला जोडलेलं नव्हतं. बटणाची वाट आरसीसीबीच्या आतूनच एका वायरीकडून दुसरीकडं पूर्ण होते, जमिनीची गरजच पडत नाही. खरी फेज ओल्या मातीला टेकली तर मात्र करंटला परतीची वाट नाही, म्हणून ती पडणारच नाही. आणि दुसरी वायर कुठं पत्र्याला लागली की मधे सापडलेला माणूस वाट होतो. दादांनी आरसीसीबीच्या आधी, एकाच जागी, एक टोक बॉडीला आणि अर्थिंगच्या रॉडला जोडलं. मग १५ वॅटचा बल्ब फेज आणि रॉडच्या मधे धरला: ६५ मिलिअँपिअर, तत्काळ पडली. ही परीक्षा खरी. इन्व्हर्टर प्रकारचा सेट असेल तर मॅन्युअल बघितल्याशिवाय आणि जाणत्या वायरमनशिवाय ही जोडणी करू नका.

रॉडची गंमत काळ्या रानाची आहे. मेमध्ये जमिनीला हाताएवढ्या भेगा, ठोकलेला रॉड हातानं हलत होता आणि अर्थ टेस्टरवर ३८ ओहम. पहिल्या पावसानंतर माती फुगून आवळली, ९. आरसीसीबीला दोन्ही चालतात, पण हलणारा रॉड मला चालत नाही. जागा बदलून मोरीच्या पाण्याच्या वाटेवर घेतला.

९ जून

शेजारचा पोरगा आला. विहिरीत पाणी ४० फुटांवर, त्याचा पेट्रोलचा पंपसेट वरून ओढत नाही. "दादा, जरा हात लावा, इंजिन आत टप्प्यावर उतरवू." मी त्याला बसवून घेतलं. हवेचा दाब पाण्याला फार तर १० मीटर चढवतो, प्रत्यक्षात पंप ७ च्या आसपासच दमतो. म्हणूनच लोक इंजिन आत नेतात. आणि विहीर तर चौकापेक्षा वाईट. धूर वर निघत नाही, इंजिन बंद केल्यावरही आत साचून राहतो. पहिला बेशुद्ध पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. आपल्याकडे एकाच विहिरीत दोन-दोन, तीन-तीन माणसं अशीच जातात.

त्याला माझा सेट दिला, वर बांधावर ठेवून. अर्ध्या एचपीचा सबमर्सिबल दोरानं खाली सोडला, २.५ चौरस मिलिमीटरची केबल ड्रमवरून पूर्ण उलगडून, आरसीसीबीतून. मोटर सुरू होताना काही क्षण कितीतरी पट करंट ओढते, म्हणून दुसरा कुठलाही लोड नाही. पंप चालू असेपर्यंत विहिरीत कुणी उतरायचं नाही, ही माझी अट. दीड तासात टाकी भरली.

१४ जून, रात्र

पेट्रोल पाच-पाच लिटरच्या दोन पत्र्याच्या डब्यांत आणलं. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात घरगुती साठ्याला ३० लिटरपर्यंत परवाना लागत नाही, पण भांडं काचेचं, चिनीमातीचं किंवा धातूचं सांगितलंय. प्लास्टिकचा कॅन त्यात नाही. डबे सेटजवळ नाही, घरात तर नाहीच, बांधावरच्या कडब्याच्या गंजीपासूनही लांब ठेवले.

लाइट ९:४० ला गेली. चेंजओव्हर मधे, सेट सुरू, तीन मिनिटं बिनलोड, मग लोड. चौकात गोंधळ्यांचं संबळ सुरू झालं आणि दिवट्या पेटल्या. तेलाच्या त्या ज्वाळा बघूनच मी ठरवलं की आज रात्री टाकीचं झाकण माणसं बसली असताना उघडायचं नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरपटत लांबवर जाते. १२:५० ला जेवणासाठी गोंधळ थांबला. लोड काढला, सेट बंद, वीस मिनिटं गार होऊ दिला. मधल्या वेळात बॅटरीचे दोन कंदील. एक चुलतभाऊ म्हणाला, "चालू असतानाच ओत, काय होतंय." पण सायलेन्सर थुंकी लावली तर चुर्र वाजेल एवढा तापलेला होता. गार झाल्यावर नरसाळ्यानं पाऊण टाकी भरली, सांडलेलं पुसलं, फडकं लांब टाकलं, मग दोरी.

लाइट ४:१५ ला आली. ओसरीवरचा अलार्म रात्रभर शून्य. आजी आतल्या खोलीत झोपली होती, तिच्या उशाशी दुसरा अलार्म, तोही शून्य.

१८ जून

तासांचा हिशेब: दुरुस्तीनंतर १९ तास ४० मिनिटं. २० तासांवर ऑइल बदलायचं आहे, १०डब्ल्यू-३० आणून ठेवलंय. डिपस्टिक न फिरवता नुसती टेकवूनच मापायची, आटे फिरवले तर पातळी जास्त दिसते. आषाढात सेट पडून राहील, म्हणून टाकी आणि कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करणार आहे. खोलीतल्या अलार्मची बॅटरी मात्र आजच बदलली.