तुम्ही विचारलंत म्हणून: गोधडीचं डिझाइन आधी काढता का?

प्रदर्शनात विचारतात, लग्नात विचारतात, आणि परवा तर भुसावळच्या प्लॅटफॉर्मवर एका ताईंनी माझ्या पिशवीतून डोकावणारी गोधडी बघून विचारलं, की डिझाइन आधी कागदावर काढता का हो, का तसंच सुचत जातं? मी दरवेळी "सुचतं तसं" म्हणून मोकळी होते, कारण खरं उत्तर लांबलचक आणि समोर गाडी लागलेली. तर आज बसून लिहितेच.

सुचत वगैरे काही नाही. कापड कुठं विरलंय त्यावरून ठरतं.

म्हणजे बघा, नऊवारी लुगडं सगळीकडून सारखं झिजत नाही. कासोट्याचा, बसण्याचा भाग आधी जातो, पदर नि काठ शेवटपर्यंत तग धरतात. म्हणूनच तर आपल्या आज्या लुगड्याला दंड घालायच्या, मधला विरलेला भाग कापून टाकायचा, दोन्ही धड टोकं जोडायची की लुगडं आणखी दिवस काढायचं. तेही गेलं की मग ते जुनेर गोधडीत. माझ्याकडे जुनेर आलं की मी आधी ते दारात उजेडासमोर धरते. जिथून ऊन आरपार दिसतं तो भाग आतल्या थरात, जिथून दिसत नाही तो वर. झालं, निम्मं डिझाइन तिथंच ठरतं, उरलेलं कोणता रंग किती उडालाय त्यावरून, आणि माझी हुशारी असलीच तर त्याच्यानंतर सुरू होते.

ही रीत आमच्या मोठ्या मायची. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी आल्या की सकाळी झोके, गाणी, आणि दुपारी ओसरीत गोधडी अंथरलेली, चारी कोपऱ्यांवर दगड, चौघीजणी चार बाजूंनी बसून कडेकडेनं धावदोरा घालत आत आत सरकायच्या. ४४-४५ डिग्रीत गोधडी शिवायची म्हटलं की पुण्याची मैत्रीण हसते, पण शेतातली कामं तेव्हाच कमी, आणि घरात जास्तीचे हात पण तेव्हाच, थंडीत कोण शिवणार, थंडीत पांघरायची ना. मी विचारायचे, मोठी माय, आता कोणता तुकडा लावू? ती मान वर न करता म्हणायची, "माले काय इचारस, कपडाले इचार."

मी अर्थातच ऐकलं नाही. सुरुवातीची तीन-चार वर्षं मी ग्राफपेपर, स्केल, रंगीत पेन्सिली असलं सगळं केलं. एका बाईंनी त्यांच्या आईच्या सहा साड्या दिल्या होत्या, मी झकास चांदणी काढली, चांदणीची टोकं जुळायला पाहिजेत म्हणून विरलेलं कापडही वरच लावलं, आणि भर म्हणून शेजारी बाजारातलं कोरं लाल कापड न धुता जोडलं. पहिल्याच धुण्यात लाल रंग फुटला, कोरं कापड आटलं, त्याच्या ओढीनं जुनं कापड टाक्याच्या रेषेत फाटलं. त्या बाई काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. तेव्हापासून कोरं कापड घेतलंच तर दोनदा धुऊन, आणि ग्राफपेपर मुलाच्या दप्तरात गेला.

अमेरिकेत अलाबामात जीज बेंड म्हणून एक वस्ती आहे, तिथल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्यांचं २००२ मध्ये ह्यूस्टनच्या म्युझियममध्ये मोठं प्रदर्शन झालं, २००६ मध्ये तर त्यांच्यावर पोस्टाची तिकिटं निघाली. त्यातल्या मिसुरी पेटवे यांनी १९४२ मध्ये नवरा वारल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी केली. मी मोबाईलवर असे फोटो मोठे करकरून बघते, कुठं गुडघ्यापाशी उडालेला रंग, कुठं खिसा उसवला तिथला न उडालेला गडद चौकोन. लोक त्याला मॉडर्न आर्ट म्हणतात. म्हणोत. मला आधी तो झिजलेला गुडघा दिसतो.

(मशीनवर का करत नाही, हाही प्रश्न असतो. विरलेल्या कापडाला मशीनचा बारीक टाका कापतो, हाताचा लांब टाका सांभाळतो, बस. आणि भावाचं विचाराल तर पाच बाय सात फुटांच्या गोधडीला माझा दीड महिना जातो, पुढचा हिशोब तुम्हीच करा.)

आत्ता समोर फरशीवर रावेरच्या एका दादांनी दिलेले त्यांच्या वडिलांचे अकरा शर्ट पडलेत. केळीवाले होते. केळीचा चीक कपड्याला लागला की काळपट डाग जन्मभर जात नाही, जळगाव जिल्ह्यात हे कुणाला सांगायला नको, आणि घड खांद्यावरून वाहून वाहून अकराच्या अकरा शर्टांचा उजवा खांदा तसा झालाय. दादा म्हणाले, ताई डाग तेवढे कापून टाका, बरं दिसत नाही. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी रात्री साडेदहाला त्यांचा व्हॉट्सॲप आला, कापले का? मी लिहिलं, नाही अजून. बराच वेळ टायपिंग टायपिंग दिसत राहिलं, मग आलं, "राहू द्या मग."

अकरा उजवे खांदे आहेत. एका ओळीत लावून बघितले, नाही जमलं. उद्या परत अंथरते.