आमची वाटचाल : ट्रॅकपँट ते ट्रस्ट

धाराशिवात आमचं खेळाचे गणवेश शिवायचं युनिट आहे. सुरुवात घरच्या मशीनवर झाली: शाळांचे पीटीचे ड्रेस, गणेश मंडळांचे टी-शर्ट. खो-खोच्या ऑर्डरी शोधाव्या लागल्या नाहीत. इथल्याच सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारताने 2016 मध्ये गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धेचं सुवर्ण जिंकलं, 2020 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. अशा गावात पोरींना खो-खोची ओळख करून द्यावी लागत नाही.

तरी मापं घ्यायला मैदानावर गेले की दिसायचं, सहावी-सातवीच्या मुली भरपूर आणि नववीची रांग आखडलेली. प्रशिक्षक म्हणायचे, घरचे पाठवत नाहीत. मग मी आयांनाच विचारायला लागले. एकीने सरळ सांगितलं, “खेळू द्या की ओ ताई, पण त्या चड्डीवर नको. आन् अंधार पडायच्या आत घरी पायजे.” माझ्या मते मुलींचा खेळ सुटतो तो याच दोन गोष्टींनी. गुणवत्ता वगैरे नंतरची बात.

पहिली गोष्ट माझ्या हातातली होती. पोटरीपर्यंत येणारी, ताणणाऱ्या कापडाची पँट शिवली. सूर मारताना गुडघा आधी फाटतो, तिथे दुहेरी कापड लावलं. मैदानावर आखलेल्या चौकोनात उकिडवं बसून झटक्यात उठायचं तर आसनाची शिवण काचते, म्हणून तिथे वेगळा तुकडा जोडला. स्पोर्ट्स ब्रा आम्ही शिवत नाही, विकत आणतो. मुली मागत नाहीत, प्रशिक्षक बोलत नाहीत, त्यामुळे ती न विचारताच किटच्या पिशवीत जाते.

दुसऱ्या गोष्टीला पैसे लागत होते. सराव संपल्यावर वस्त्यांवरच्या मुलींना घरी सोडायला रिक्षा हवी, आणि ती रोज हवी. एखाद्या दिवशी चुकली की दुसऱ्या दिवशी मुलगी येत नाही. हा खर्च युनिटच्या गल्ल्यातून किती दिवस चालणार? म्हणून ओळखीच्या बायकांनी मिळून धर्मादाय कार्यालयात ट्रस्ट नोंदवला, पुढे आयकर खात्याकडून 12 ए (ट्रस्टच्या उत्पन्नाला करमाफी) आणि 80 जी (देणगीदाराला करसवलत) घेतलं. कंपन्यांचा सीएसआर निधी, म्हणजे सामाजिक कामासाठी काढलेला पैसा, घ्यायचा तर एप्रिल 2021 पासून सीएसआर-1 ही सरकारकडची नोंदणीही लागते.

इथे धंदा आणि संस्था यांची गाठ सोडवायला आमच्या सीएंनी चांगलाच घाम गाळला. मी विश्वस्त, आणि किट माझ्याच युनिटचे. ट्रस्टच्या पैशातून विश्वस्ताचा फायदा झालेला आयकर कायद्याला चालत नाही. मग ठरलं, ट्रस्ट आमच्याकडून काही विकत घेणार नाही, किट देणगीच. गंमत अशी की वस्तूरूपाने दिलेल्या देणगीवर देणगीदाराची करसवलत मिळत नाही, आणि रोख दोन हजारांच्या वर दिले तर त्यावरही नाही. देणगीदारांना आम्ही चेक नाहीतर यूपीआय सांगतो.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. कर्णधार प्रियांका इंगळेच्या भारतीय महिला संघाने अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असं हरवलं, तेव्हा युनिटमध्ये मोबाईलभोवती गर्दी होती आणि ओव्हरलॉक मशीन बंद. त्यानंतर चौकशीचे फोन वाढले. पदकासाठी मदत करणारे पुष्कळ भेटतात. रिक्षाभाड्यासाठी देणारा अजूनही शोधावा लागतो.

आमच्याकडे खेळलेल्या काही मुली आता सकाळी लहानग्यांचा सराव घेतात आणि दुपारी युनिटमध्ये शिवायला बसतात. सरावाचं मानधन ट्रस्टचं, शिलाईचा पगार युनिटचा, आणि दोन्ही वेगवेगळ्या खात्यांतून. नव्या पँटचं माप आता त्याच काढतात.