घरचा फराळ विकायचा तर कौन्सिलची नोंदणी : इंग्लंडमधला माझा अनुभव

इंग्लंडमध्ये घरच्या स्वयंपाकघरात केलेले पदार्थ नेमाने विकायचे असतील तर साधारणपणे लायसन्स लागत नाही, नोंदणी लागते. ती आपल्या भागातल्या कौन्सिलकडे, म्हणजे स्थानिक प्रशासनाकडे करायची, विक्री सुरू करण्याच्या किमान २८ दिवस आधी. तिला पैसे पडत नाहीत आणि कौन्सिलला ती नाकारताही येत नाही. पण नोंदणी न करता धंदा चालवणं हा गुन्हा आहे, मग तुम्ही बाजारात स्टॉल लावा नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डरी घ्या. दिवाळीच्या तोंडावर ग्रुपवर चकल्या-चिवड्याचे भाव टाकणाऱ्या अनेक जणींना हे माहीतच नसतं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

मी रेडिंगला राहते. फराळ आधी मैत्रिणींसाठी करायचे, मग त्यांच्या मैत्रिणी विचारू लागल्या, तेव्हा ठरवलं की करायचं तर रीतसर करायचं. पुण्यात माझ्या मावसबहिणीने मसाल्यांसाठी एफएसएसएआयची, म्हणजे भारतातल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी केली तेव्हा वर्षाचे १०० रुपये भरले आणि पाकिटावर छापायला तिला चौदा आकडी नंबर मिळाला. इथे पाकिटावर छापायला असा नंबर नाही. इथे नोंदणीनंतर अधिकारी घरी येतात, स्वयंपाकघर बघतात, आणि शून्य ते पाच यांतला जो गुण देतात तो ऑनलाइन कोणालाही बघता येतो.

फॉर्म सोपा आहे. नाव, पत्ता, काय बनवणार, कोणाला विकणार, आठवड्यातून किती दिवस काम चालणार, पाणी नळाचं की खासगी, परदेशातून माल आणणार का, एवढंच. एका बैठकीत होतो. एक गोष्ट मात्र आधीच विचारून घ्यावी : श्रीखंडासारखे दुधाचे पदार्थ दुसऱ्या दुकानांना पुरवायचे असतील तर नुसत्या नोंदणीवर भागेलच असं नाही, वेगळी मान्यता लागू शकते. मी थेट गिऱ्हाइकालाच विकणार होते, त्यामुळे माझं काम नोंदणीवर झालं.

खरं काम पुढे आहे. तुम्ही अन्न सुरक्षित कसं ठेवता हे लेखी दाखवावं लागतं. छोट्या व्यवसायांसाठी फूड स्टँडर्ड्स एजन्सी या इथल्या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेने ‘सेफर फूड, बेटर बिझनेस’ नावाची फाइल तयार केली आहे, ती फुकट डाउनलोड होते. पदार्थ एकमेकांत न मिसळणं, स्वच्छता, थंड ठेवणं, नीट शिजवणं असे तिचे भाग आहेत, आणि शेवटी रोजची डायरी. डायरीचा धसका घेऊ नका. काम सुरू करताना आणि संपवताना ठरलेल्या गोष्टी तपासून सही करायची, आणि काही वेगळं किंवा चुकीचं घडलं तर तेवढं लिहायचं. फाइल आपल्या शब्दांत भरावी. इंटरनेटवरून दुसऱ्याची उतरवली तर अधिकाऱ्यांच्या दुसऱ्या प्रश्नालाच ते उघडं पडेल.

माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो अ‍ॅलर्जीच्या यादीत. इथल्या कायद्यात चौदा घटक ठरवून दिले आहेत, ते पदार्थात असतील तर गिऱ्हाइकाला सांगावेच लागतात. यादी समोर ठेवून मी माझा डबा उघडला. मोहरी त्या यादीत आहे, म्हणजे चिवड्याची फोडणी आली. तीळ आहेत, शेंगदाणे आहेत, काजू-बदाम आहेत. दूध आहे, म्हणून साजूक तूप घातलेला बेसनाचा लाडूही आला. बेदाणे टिकवायला सल्फाइट वापरलेलं असू शकतं, ते पाकिटावर शोधावं लागतं. नारळ आणि हरभऱ्याची डाळ मात्र यादीत नाहीत.

आणि हिंग. बाजारात मिळणारा बांधानी हिंग हा पुष्कळदा गव्हाच्या पिठात मिसळलेला असतो. चकलीच्या भाजणीत तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, मूग डाळ, धणे, जिरे. गव्हाचा कण नाही. ज्यांना ग्लुटेन (गव्हातलं एक प्रथिन) चालत नाही असे लोक हक्काने चकली उचलतात. पण त्यात चिमूटभर हिंग पडला की ती त्यांच्यासाठी चकली राहत नाही, आजारपण होतं. मी हिंगाची डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचली, तांदळाच्या पिठातला हिंग शोधला आणि आता तोच वापरते.

त्यावरून भाजणीचाच प्रश्न आला. सासूबाई साताऱ्याहून दरवर्षी भाजणी पाठवतात. गिरणीवाल्याला बजावून ती डाळीवर दळून घेतात, गव्हावर नाही. त्यांच्या हातची भाजणी माझ्यापेक्षा कितीतरी सरस असते. पण व्यवसायात वापरायच्या प्रत्येक जिनसाचं, तो कोणाकडून आणि कधी घेतला, हे दाखवता आलं पाहिजे. भाजणीचं बिल नाही, त्या गिरणीत आधी काय दळलं गेलं ते मी इथून सांगू शकत नाही. सासूबाईंना फोनवर हे समजावताना मला वाईट वाटत होतं. त्या मात्र चटकन म्हणाल्या, “अगं, मग प्रमाण लिहून घे की, तिकडेच भाज.” डाळी किती भाजायच्या, धणे शेवटी का टाकायचे, सगळं त्यांनी सांगितलं. त्यांची भाजणी आता घरच्या चकलीला, आणि विक्रीची मी इथे भाजून घरच्याच मिक्सरवर दळते.

लेबलाचा नियम समजून घेण्यासारखा आहे. नताशा एडनान-लापरूझ नावाची पंधरा वर्षांची मुलगी २०१६ मध्ये बगेट (लांब पावाचं सँडविच) खाऊन दगावली. तिला तिळाची अ‍ॅलर्जी होती आणि पाकिटावर तिळाचा उल्लेख नव्हता. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून नियम बदलला : आपण स्वतः आधीच पॅक करून आपल्याच दुकानात किंवा स्टॉलवर विकतो त्या मालावर सगळ्या घटकांची यादी हवी, आणि अ‍ॅलर्जीचे घटक त्यात ठळक. ही हकिगत वाचल्यावर लेबलं चिकटवण्याचा कंटाळा मला कधी आला नाही. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, त्यामुळे वाटी आणि मूठ सोडून सगळं ग्रॅममध्ये मोजावं लागलं. ऑनलाइन ऑर्डर घेत असाल तर अ‍ॅलर्जीची माहिती गिऱ्हाइकाने पैसे देण्याआधी त्याला मिळाली पाहिजे आणि माल हातात पडतानाही.

तपासणीला आलेल्या अधिकारी बाईंनी आधी फोन करून दिवस ठरवला होता, कारण हे राहतं घर. व्यावसायिक जागेत सहसा न सांगता येतात. त्यांनी आल्या आल्या कोट काढला, हात धुतले आणि फ्रिजमधला थर्मामीटर बघितला. कायद्याने ८ अंशांच्या आत चालतं, पण फ्रिज ५ वर ठेवायचा सल्ला असतो. माझा ४ दाखवत होता. मग ओटा पुसायच्या जंतुनाशक स्प्रेची बाटली उलटी करून त्यांनी मागचा मानक क्रमांक वाचला : बीएस ईएन १२७६. “मारल्यावर किती वेळ ठेवता?” हा त्यांचा पुढचा प्रश्न. बाटलीवर लिहिलेला वेळ मला पाठ होता. आधी साबणाच्या पाण्याने मळ काढायचा, मग स्प्रे मारून तेवढा वेळ थांबायचं, हे मी करून दाखवलं.

घरातली माणसं स्वयंपाकघर कधी वापरतात, मुलीचा डबा कुठे भरला जातो, विक्रीचं सामान वेगळं कुठे ठेवता, हेही विचारलं. विक्रीसाठी एक कपाट मी वेगळं केलं होतं आणि फराळ चालू असताना त्याच खोलीतलं वॉशिंग मशीन लावायचं नाही असं फाइलमध्ये लिहिलं होतं. त्या वेळी करायचा क्रमही लिहिला होता : आधी चकली, मग दाण्यांचा चिवडा, मैद्याच्या शंकरपाळ्या सगळ्यात शेवटी, कारण मैदा हवेत उडतो. हे वाचून त्या थांबल्या आणि शंकरपाळी म्हणजे काय ते त्यांनी विचारलं. आपल्या पदार्थांची ओळख नसलेल्या अधिकाऱ्यांना प्रत्येक पदार्थ कसा होतो ते सांगायची तयारी ठेवा, त्याने काम फार सोपं होतं. चिवड्यावरची ‘बेस्ट बिफोर’ तारीख कशावरून ठरवली, हेही आलंच. मी प्रत्येक घाण्यातलं एक पाकीट बाजूला ठेवून दर आठवड्याला उघडून चव घेत होते, त्याच्या नोंदी दाखवल्या.

गुण तीन गोष्टींवर ठरतो : अन्न हाताळण्याची पद्धत, जागेची अवस्था, आणि व्यवस्थापनावरचा विश्वास, म्हणजे तुमची फाइल आणि तुमची उत्तरं. मला पाच मिळाले. इंग्लंडमध्ये या गुणांचं स्टिकर लावणं ऐच्छिक आहे, वेल्समध्ये २०१३ पासून सक्तीचं. मी स्टॉलवर पहिल्यांदा तेच लावते.

बाकीची कामं थोडक्यात. भाड्याच्या घरात मालकाची लेखी परवानगी घ्या, आम्ही घेतली. घराचा विमा धंद्याला पुरत नाही, वेगळा घ्यावा लागतो. अन्नस्वच्छतेचा लेव्हल २ कोर्स कायद्याने सक्तीचा नाही, पण प्रशिक्षण झालं आहे हे दाखवायला तो फार उपयोगी पडतो आणि महागही नाही. वर्षाची विक्री १,००० पाउंडांच्या वर गेली तर साधारणपणे कर खात्याकडे वेगळी नोंदणी करावी लागते. कौन्सिलच्या नोंदणीने ते काम होत नाही.

आता होळीला पुरणपोळी सुरू करायची आहे. त्यासाठी पुन्हा नोंदणी लागत नाही, पण पोळ्या फराळासारख्या महिनाभर टिकत नाहीत, त्यामुळे कामाची पद्धतच बदलते. कौन्सिलला ईमेल केला आहे, आणि पुरण किती वेळात गार करून फ्रिजमध्ये ठेवायचं याचं पान सध्या फाइलमध्ये लिहिते आहे.