तुम्ही विचारलंत म्हणून: सहा आठवडे मासे, मग वर्षभर काय?

"सहा आठवडे मासे पकडायचे आणि वर्षभर बसून खायचं. मजा आहे बुवा तुमची!" भारतात गेले की एखाद्या तरी लग्नात हे ऐकायला मिळतंच. म्हणणारा हसत म्हणतो, पण त्याला उत्तर हवं असतं. म्हणून एकदा सांगूनच टाकते.

त्याआधी एक खुलासा. आम्ही पकडतो तो सॅमन, आणि सॅमन म्हणजे रावस नव्हे. बाजारात रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणतात, ते विकण्यापुरतं. आमचा सॅमन सॉकाय जातीचा. तळ्याकाठी जन्मतो, वर्ष-दोन वर्षं गोड्या पाण्यात काढतो, दोन-तीन वर्षं समुद्रात, आणि मग आपल्या जन्माच्या पाण्याकडे परततो. अंडी घालतो आणि मरतो. तो परतताना नदीच्या तोंडाशी जे थोडे दिवस असतो, तेवढाच आमचा हंगाम.

नवऱ्याच्या घराण्याची जागा अलास्कात ब्रिस्टल बेमध्ये, नाकनेक नदीच्या मुखाजवळ आहे. अँकरेजहून रस्ता नाही. विमानानं किंग सॅमन गावी उतरायचं आणि तिथून पंधराएक मैल. मेअखेर पोचलं की पहिलं काम म्हणजे हिवाळ्यात अस्वलानं खोपटाचं दार फोडलंय का ते बघणं. मग इंजिनं, दोर, फाटकी जाळी.

आमचं जाळं किनाऱ्याला काटकोनात, भिंतीसारखं उभं. वर बुचं, खाली शिसं. एका परवान्याला ५० फॅदम. फॅदम म्हणजे काय हे नवऱ्यानं पहिल्यांदा दोन्ही हात पसरून दाखवलं तेव्हा मी म्हटलं, अरे, हा तर वाव! माझ्या माहेरी, हर्णैला, जाळी विणणारे असेच हात पसरून दोर मोजायचे. त्या परक्या चिखलात मला पहिल्यांदा ओळखीचं वाटलं ते एवढंच.

चिखल मात्र परकाच. इथे भरती-ओहोटीत वीस फुटांहून जास्त फरक पडतो. पाणी एवढं मागे जातं की जाळं उघडं पडतं. पहिल्या वर्षी माझा अंदाज चुकला. मासे काढण्याच्या नादात ओहोटी लागलेली कळली नाही आणि होडी भरल्या मालासकट चिखलात बसली. पुढचं पाणी येईपर्यंत तिथेच. सासूबाई गुडघाभर चिखल तुडवत आल्या, माशांवर ओली पोती टाकली, माझ्या हातात थर्मास दिला. एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

चार जुलैच्या आसपास मासा जोरात येतो. रात्र जेमतेम होते, त्यामुळे झोपायची वेळ अशी नसतेच. दोन भरत्यांच्या मध्ये जे मिळेल ते. जाळं माशांनी एवढं जड होतं की बुचं बुडतात. प्रत्येक मासा कल्ल्यापासून सोडवायचा, रक्त काढायचं, बर्फाच्या पाण्यात टाकायचा. तसं केलं तर भाव थोडा जास्त मिळतो. आठवड्याभरात बोटं अशी आखडतात की उठल्यावर कपाचा कान धरता येत नाही.

आणि जाळं टाकायचं कधी, हे आम्ही ठरवत नाही. नदीकाठच्या मनोऱ्यांवर मत्स्यखात्याची माणसं बसतात. दर तासाला दहा मिनिटं, दोन्ही काठांवर, वर जाणारे मासे डोळ्यांनी मोजतात आणि त्यावरून तासाचा हिशेब करतात. नाकनेक नदीत निदान आठ लाख मासे वर जायला हवेत. आधी नदीचा वाटा, मग आमचा. त्यामुळे कधी कधी समोर पाणी उसळतंय आणि आम्ही रेडिओला कान लावून हात बांधून बसलोय, असं होतं. पूर्वी मला याचा संताप यायचा. आता मुलगी विचारते तेव्हा मीच मनोऱ्याची बाजू घेते.

आता बसून खाण्याचं. २०२२ साली ब्रिस्टल बेमध्ये विक्रमी मासा आला, जवळपास ६ कोटी पकडले गेले. मूळ भाव पाऊंडाला १ डॉलर १५ सेंट. पुढच्या वर्षी तो ५० सेंटवर आला. मासा तोच, चिखल तोच, पेट्रोल महाग. त्या वर्षी हाताखालच्या पोरांचे वाटे दिले आणि आमच्याकडे उरलं त्यात जाळी सुद्धा नवी येईनात. म्हणून हिवाळ्यात मी शाळेत शिकवते आणि नवरा लोकांची इंजिनं दुरुस्त करतो. बसतो आम्ही, पण विमानात.

गंमत म्हणजे आमचा हंगाम बरोबर जून-जुलैचा. हर्णैला तेव्हा मासेमारीबंदी, होड्या शाकारून किनाऱ्यावर. बाबा म्हणतात, "जगात कुणाला तरी पावसाळ्यात मासे मिळतात, ती आमचीच पोरगी निघाली."

नारळी पौर्णिमेला त्यांचा फोन येतो, की होड्या उतरल्या पाण्यात. तेव्हा आमच्या वर ओढलेल्या असतात, जाळी धुऊन टांगलेली. मग ते दरवर्षी विचारतात, यंदा भाव काय मिळाला? तो तोवर आम्हालाही पुरता कळलेला नसतो.